ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची

१४ ऑक्टोबर १६७० या दिवशी फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर मोलिएरच्या ‘ल बुर्जुआ जाँतियोम’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नायक जूर्दँ. घराण्यानं कापडाच्या धंद्यात कमावलेला पैसा हाताशी आहे, आता त्याला उमरावांच्या पंगतीत बसायचंय. त्यासाठी नाच, गाणं, तलवार आणि तत्त्वज्ञान शिकवायला त्यानं मास्तर ठेवले आहेत. तत्त्वज्ञानाचे मास्तर तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, पदार्थविज्ञान असं एकेक पुढे करून पाहतात, पण जूर्दँला त्यातलं काहीच नको असतं. मग धडा सुरू होतो तो थेट स्वरांपासून. ‘आ’ म्हणताना तोंड चांगलं उघडायचं. ‘ए’ म्हणताना खालचा जबडा वरच्या जबड्याजवळ आणायचा. ‘ई’साठी तो आणखी जवळ आणायचा आणि ओठांचे कोपरे कानांकडे ओढायचे. आणि ‘यू’ या अक्षरासाठी दात जवळ आणून ओठ पुढे काढायचे, कुणाला तरी वेडावून दाखवावं तसे. जूर्दँ हरखून जातो. एवढी वर्षं आपण बोलत होतो आणि आपल्या तोंडात हे सगळं चाललेलं आपल्याला ठाऊकच नव्हतं!

प्रसंग हशासाठी लिहिलेला आहे आणि जूर्दँची भूमिका खुद्द मोलिएरनंच केली होती. पण मास्तर जे सांगतात त्यात खोट काढता येत नाही. जेरो द कोर्दमुआ या विद्वानानं बोलण्याच्या शारीरिक क्रियेवर लिहिलेला ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी, १६६८ साली, प्रसिद्ध झाला होता. मास्तरांचे शब्द बरेचसे त्यातूनच आले आहेत. फ्रेंचच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी हा प्रसंग वाचला जावा असं मला मनापासून वाटतं. अक्षर बाजूला ठेवून जीभ कुठे, ओठ कसे, हवा कुठून, हे आधी पाहायचं, हा त्यातला धडा आहे. मराठी माणसाला तो परका नाही. वेदांगांतलं पहिलं अंग ‘शिक्षा’, म्हणजे उच्चारशास्त्रच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी आपण शाळेत घोकलेली असते. वर्णमालेचा तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. तरीही आपल्याकडे फ्रेंच शिकायला बसलेली मुलं हा नकाशा घरी ठेवून येतात आणि इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेनं फ्रेंचमध्ये शिरतात. त्यांच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात.

महाराष्ट्रात फ्रेंच शिकणारे थोडेथोडके नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयांत ‘मार्क मिळवून देणारा विषय’ अशी फ्रेंचची ख्याती आहे. १८८३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आलियांस फ्रांसेझची केंद्रं मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग वर्षानुवर्षं मुलांना शिकवतो आहे. या लेखासाठी मी पुण्यातल्या एका छोट्या खासगी वर्गात जाऊन बसले. समोर अकरावीतली मुलं, कॅनडाला जायच्या तयारीतलं एक जोडपं आणि निवृत्तीनंतर भाषा शिकणारे एक काका.

“टेबल नाही, ताब्ल,” शिक्षिका सांगत होत्या. “जीभ वरच्या दातांना लाव. तबल्यातला त.”

“पण मॅडम, तिथे टी आहे ना?”

“टी इंग्रजीचा. इथे त आहे.”

या दोन वाक्यांत मोठी गोष्ट आहे. इंग्रजी ‘टी’चा उच्चार दातांच्या मागच्या हिरडीवर होतो. तो आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधला. आपल्या कानानं तो फार पूर्वी ‘ट’ म्हणून स्वीकारला, म्हणून टेबलचा ट, डॉक्टरचा ड आणि ट. पुढे रोमन ‘टी’ दिसला की ‘ट’ आणि ‘डी’ दिसला की ‘ड’ अशी गाठ पक्की झाली. फ्रेंचमधले हे दोन्ही वर्ण मात्र दंत्य आहेत, चक्क आपले ‘त’ आणि ‘द’. चहाला फ्रेंचमध्ये ‘ते’ म्हणतात, ‘टे’ नाही. शिवाय फ्रेंच प, त, क हे अल्पप्राण आहेत. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला हे वर्ण काढताना हवेचा झोत सोडतो. तो झोत काढून टाकण्यासाठी इंग्रज विद्यार्थ्यांना तोंडापुढे कागद धरून सराव करावा लागतो. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक आपल्याकडे लहान मूलही करतं. आपल्याला ही मेहनत करायची गरजच नाही, फक्त मधल्या इंग्रजीला बाजूला करायचं.

अशी आपल्याकडची शिल्लक बरीच आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर येतो आणि बाकीचे अवयव चेपले जातात. फ्रेंचमध्ये अवयव साधारण सारख्या वजनानं पडतात आणि हलका जोर येतो तो शब्दसमूहाच्या शेवटच्या अवयवावर. मराठी कानाला ही चाल जवळची आहे. फ्रेंचमधला एक अनुनासिक व्यंजनवर्ण तर आपल्या ‘ञ’सारखा आहे. डोंगराला ते ‘मोंताञ’ म्हणतात. आपल्या तक्त्यातल्या या बिचाऱ्या अक्षराला इथे खरं काम मिळतं. लिहिलेला पण न बोललेला ‘अ’ही आपल्याला नवा नाही. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो, ‘आवडतो’ लिहितो आणि ‘आवड्तो’ म्हणतो. फ्रेंच माणूस शनिवारला लिहिताना ‘सामेदी’सारखं काहीतरी लिहितो आणि म्हणतो ‘सामदी’.

आता जे आपल्याकडे नाही त्याबद्दल. तिथे थांबून खरी मेहनत करावी लागते.

मोलिएरच्या मास्तरांनी ओठ पुढे काढायला सांगितले तो स्वर मराठीत नाही, हिंदीत नाही, आजच्या इंग्रजीतही बहुतेकांच्या बोलण्यात नाही. आपल्या सगळ्या स्वरांत जिभेचं आणि ओठांचं एक ठरलेलं जोडकाम आहे. जीभ पुढे असली की ओठ पसरतात (इ, ए), जीभ मागे गेली की ओठ गोल होतात (उ, ओ). फ्रेंच हे जोडकाम तोडते. जीभ पुढे ठेवून ओठ गोल करते. उपाय सोपा आहे. लांब ‘ई’ म्हणत राहायचं, आवाज थांबवायचा नाही, जीभ तसूभरही हलवायची नाही, आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे पुढे आणायचे. निघतो तो फ्रेंच ‘यू’. त्याच रीतीनं ‘ए’ची जीभ आणि ‘ओ’चे ओठ घेतले की ‘दोन’साठीच्या फ्रेंच शब्दातला स्वर मिळतो. तोंड आणखी थोडं उघडलं की ‘बहीण’ या शब्दातला. तीन नवे स्वर, पण युक्ती एकच.

सांगायला सोपं आहे, करताना जीभ फसवते. वर्गात सगळ्यांनी आरसे काढले होते. ओठ गोल झाले की जीभ नकळत मागे सरकते आणि निखळ मराठी ‘ऊ’ बाहेर पडतो. शिक्षिका एकेकासमोर उभ्या राहून नुसतं “ई म्हणत राहा, ई म्हणत राहा” एवढंच सांगत होत्या. काकांना पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनाच ते कळलं नाही, बाजूच्या मुलीनं सांगितलं. यामागे एक कारण आहे. जो भेद आपल्या भाषेत नाही तो सुरुवातीला कानालाच ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते तोंडातून काढणं कठीण. म्हणून चांगले शिक्षक आधी जोड्या ऐकवतात आणि कुठला पहिला, कुठला दुसरा एवढंच ओळखायला लावतात. ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठीचे दोन फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘दसू’ होतात. फरक फक्त या एका स्वराचा. किल्ली टेबलावर आहे की टेबलाखाली, हे त्यावर ठरतं. ‘तू’ आणि ‘सगळं’, ‘रस्ता’ आणि ‘चाक’ या जोड्यांचंही तेच. देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्यांचा घात इथे होतो. रोमन अक्षर एकीकडे ओढतं, देवनागरी दुसरीकडे, आणि स्वर दोन्हीतून निसटतो.

अनुनासिकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपल्याकडे आहे, पण विसरलेलं. फ्रेंचमध्ये नाकातून निघणारे चार स्वर होते. पॅरिसच्या आजच्या बोलण्यात त्यांतले दोन एकमेकांत मिसळले आहेत, त्यामुळे बहुतेकांच्या तोंडी तीनच उरलेत. आंघोळ, बाक आणि ‘चांगला’ या तिन्हींचे फ्रेंच शब्द ‘ब’पासून सुरू होतात आणि नाकातल्या स्वरावर संपतात. स्वर चुकला की बाकावर बसायच्या ऐवजी माणूस आंघोळीत बसतो. मराठी विद्यार्थी इथे काय करतो? तो अनुस्वार वाचतो. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप घेतो. अंबा म्हणताना म्, अंत म्हणताना न्, अंग म्हणताना ङ्. शब्दाच्या शेवटी आला की आपण जीभ कुठेतरी टेकवून मोकळे होतो, ‘बोन्’ किंवा ‘बाङ्’ म्हणतो. फ्रेंच अनुनासिकात जीभ कुठेच टेकत नाही. हिंदीतल्या ‘हाँ’मध्ये जसा स्वरच नाकात जातो आणि हवेत सुटतो, तसं.

आपल्या जुन्या लेखनात नांव, पांच, कांहीं अशी टिंबं होती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना निरोप दिला, आणि प्रमाण मराठीपुरतं ते बरोबरच होतं. पण कोकणात तो उच्चार जिवंत आहे. मालवणी ‘थंय’ म्हणणाऱ्याच्या, गोव्यात कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडात नाकातला स्वर रोज खेळतो. कोंकणीत तर अनुनासिकामुळे अर्थही बदलतो. ‘नाकात बोलतात’ म्हणून ज्यांची शाळेत टिंगल झाली, त्या मुलांना फ्रेंचच्या वर्गात पुढे बसवावं. त्या वर्गात सावंतवाडीकडची एक मुलगी होती. तिला हे स्वर पहिल्याच फेरीत आले आणि शिक्षिकेनं बाकीच्यांना तिच्याकडे ऐकायला सांगितलं.

आता स्पेलिंग. ‘इतकी अक्षरं लिहायची आणि बोलायची नाहीत, हा काय प्रकार?’ ही तक्रार प्रत्येक वर्गात ऐकू येते. पक्षी या अर्थाच्या फ्रेंच शब्दात सहा अक्षरं आहेत आणि उच्चार आहे ‘वाझो’. त्यातलं एकही अक्षर आपल्या मूळ ध्वनीनं उच्चारलं जात नाही. पाणी या शब्दाच्या अनेकवचनात चार अक्षरं, उच्चार फक्त ‘ओ’. याला इतिहास आहे. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत शब्दांच्या शेवटची बरीच व्यंजनं बोलण्यातून गळली, लिहिण्यात राहिली. वर सोळाव्या शतकाच्या आसपास विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून काही अक्षरं शब्दांत नव्यानं घातली. बोट, काळ, शरीर या शब्दांतली मुकी अक्षरं ही अशी पूर्वजांची स्मारकं आहेत. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीनं आपला पहिला कोश १६९४ मध्ये काढला. त्याची तयारी चालू असताना मेझरे या सदस्यानं जुन्या लेखनाच्या बाजूनं दिलेलं कारण स्पष्ट होतं. विद्वान लोक अडाण्यांपासून आणि साध्या बायकांपासून वेगळे ओळखू यावेत! लेखनाचे नियम केवळ सोयीसाठी होत नाहीत, त्यात कुणाला बाहेर ठेवायचं हेही ठरतं. ह्याचा राग यायला हवा, आणि मला तो येतो. पुढे सुधारणा झाल्या. ‘फ्रांसे’ हा शब्दच जुन्या पद्धतीनं ‘ओ’ आणि ‘आय’ लिहून दाखवत, तो अकादमीनं १८३५ च्या आवृत्तीत उच्चाराजवळ आणला. १९९० मध्ये आणखी काही दुरुस्त्या आल्या. बाकीचं ओझं मात्र तसंच आहे.

तरी एक दिलासा आहे. ऐकून लिहिणं फ्रेंचमध्ये कठीण आहे. हिरवा, पेला, अळी आणि ‘च्या दिशेनं’ या चारही शब्दांचा उच्चार ‘वेर’च होतो. पण लिहिलेलं वाचणं मात्र बरंचसं नियमबद्ध आहे. कुठल्या अक्षरगटाचा कुठला ध्वनी, हे एकदा बसलं की अनोळखी शब्दही बहुधा बरोबर वाचता येतो. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणून स्पेलिंगला घाबरून उच्चार सोडणाऱ्यांना मी उलटं सांगेन. आधी वाचायचे गट पक्के करा, लिहिणं मागून येईल.

मुकी अक्षरं कायमची मुकी नसतात, ही त्यातली सुंदर गोष्ट. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की मागचं मेलेलं व्यंजन जागं होतं. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’, म्हणजे मित्र. लिहिलेला ‘एस’ इथे ‘झ’ होऊन येतो, ‘डी’ असेल तर ‘त’ होऊन. मोठ्या माणसाला ‘ग्राँतोम’ म्हणतात. फ्रेंच याला ‘लिएझों’ म्हणतात, आणि भाषाशास्त्र अशा बदलांसाठी जी संज्ञा वापरतं ती आपली आहे: संधी. एकोणिसाव्या शतकात युरोपनं पाणिनीच्या परंपरेकडून ती घेतली. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये संस्कृतचं अध्यासन १८१४ सालीच सुरू झालं होतं. आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारा फेर्दिनाँ द सोस्यूर १८८१ ते १८९१ पॅरिसमध्ये शिकवत होता, पुढे जिनिव्हात त्यानं संस्कृतही शिकवलं. आणि मराठी भाषेच्या जडणघडणीवरचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं फ्रेंचमध्येच लिहिला. तो १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, नंतर वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. आपल्या च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार कसे झाले, हे एक फ्रेंच माणूस बारकाईनं तपासत होता. आपणही त्यांच्या ध्वनींकडे तेवढ्याच आदरानं पाहायला हवं.

संधीला अपवाद आहेत. काही शब्दांच्या सुरुवातीचा ‘एच’ उच्चारला जात नाही, पण संधी अडवून धरतो. वीरपुरुषांना ‘ले एरो’ म्हणावं लागतं. ‘लेझेरो’ म्हटलं की ते शून्यं होतात. ‘आणि’ या शब्दानंतर संधी कधीच करायची नाही. हे नियम पाठ करून येत नाहीत, ऐकून येतात.

ऐकण्याला अग्रस्थान देणाऱ्यांची फ्रान्समध्ये जुनी परंपरा आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये पोल पासी या शिक्षकानं काही भाषाशिक्षकांना एकत्र करून एक संघ काढला. पुस्तक उघडण्याआधी विद्यार्थ्याच्या कानावर आणि जिभेवर भाषा यावी, हा त्यांचा आग्रह. स्पेलिंगचा अडथळा दूर करायला त्यांनी एका ध्वनीला एक चिन्ह अशी लिपी बनवली. जगातल्या शब्दकोशांत दिसणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी ती हीच, पहिलं रूप १८८८ चं. ती शाळेच्या वर्गाच्या गरजेतून जन्मली, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. १९११ मध्ये फेर्दिनाँ ब्रुनो यांनी सॉर्बोनमध्ये ‘वाणीचं अभिलेखागार’ सुरू केलं आणि १९१३ च्या डिसेंबरात कवी आपोलिनेरचा आवाज तिथे ध्वनिमुद्रित झाला. ते ध्वनिमुद्रण आज घरबसल्या ऐकता येतं. आजच्या विद्यार्थ्यासाठी त्याहून उपयोगी म्हणजे फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं. आधी मजकूर न पाहता ऐकायचं, मग बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, तसंच बोलायचं. वर्गातल्या जोडप्याची प्रगती इतरांपेक्षा वेगानं होत होती, कारण ते दोघं रात्री स्वयंपाकघरात हे करायचे.

एका ध्वनीबद्दल अजून काही बोलले नाही, आणि लोक आधी विचारतात ते त्याच्याबद्दलच: घशातला ‘र’. मोलिएरच्या मास्तरांनी ‘र’ कसा सांगितला? जिभेचं टोक टाळूपाशी न्यायचं, हवेच्या जोरानं ते थरथरलं पाहिजे. म्हणजे आपलाच ‘र’! चौदाव्या लुईच्या दरबारात हा शिष्ट उच्चार होता. पडजिभेजवळचा ‘र’ पॅरिसमध्ये हळूहळू पसरला आणि पुढच्या दोन शतकांत प्रमाण झाला. शिकायचा असेल तर गुळणीच्या हालचालीतून सुरू करावं, किंवा चांगल्या गझलगायिकेच्या ‘ग़म’मधला ‘ग़’ आणखी मागे न्यावा. मात्र क, प, त यांच्यानंतर आला की त्यातला घोष जातो आणि तो ‘ख़’कडे झुकतो. ‘तीन’ हा शब्द म्हणून पाहावा.

पण ह्या ‘र’ला वाजवीपेक्षा फार महत्त्व मिळालंय, असं माझं ठाम मत आहे. बर्गंडीत जन्मलेली लेखिका कोलेत जिभेच्या टोकाचा ‘र’ आयुष्यभर बोलत राहिली आणि गोंकूर अकादमीची अध्यक्ष झाली. मॉन्ट्रियलमध्ये जुन्या पिढीचा ‘र’ तसाच होता, पश्चिम आफ्रिकेत कोट्यवधी लोक आजही तसंच बोलतात. ‘र’ जिभेच्या टोकाचा राहिला तर अर्थ बदलत नाही. ‘दसू’ चुकला तर बदलतो. दक्षिण फ्रान्समध्ये पावाला अजूनही ‘पेङ्’सारखं काहीतरी म्हणतात, क्वेबेकात ‘तू’ला ‘त्सू’, तोही आपल्या चमच्यातल्या ‘च’जवळचा. अशा बोलींची हेटाळणी फ्रान्समध्येही होते, इतकी की नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय सभेनं उच्चाराच्या ढबीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं विधेयक पहिल्या वाचनात मंजूर केलं. तेव्हाचे पंतप्रधान झाँ कास्तेक्स स्वतः दक्षिणेकडच्या ढबीत बोलायचे.

वर्गाच्या शेवटी काकांनी विचारलं, “माझा र बसायला अजून किती दिवस लागतील?”

“तो राहू द्या काका, तुमचं सगळं कळतंय,” शिक्षिका म्हणाल्या आणि फळ्यावर त्यांनी अंक लिहायला घेतले. सहा आणि दहा. नुसते मोजताना ‘सीस’ आणि ‘दीस’. पुढे पुस्तकं आली की शेवटचा ध्वनी जातो, ‘सी’ आणि ‘दी’. पुढे मित्र आले की ‘सीझ’ आणि ‘दीझ’. नऊ म्हणजे ‘नफ’सारखं, पण त्यातला स्वर ‘बहीण’वाला. नऊ वाजता म्हणताना मात्र त्यातला ‘फ’ ‘व’ होतो. प्राथमिक पातळीच्या परीक्षेतल्या श्रवणाच्या भागात किमती, वेळा, फोन नंबर हमखास येतात. पुढच्या शनिवारपर्यंत एक ते साठ. प्रत्येक अंक तीनदा: एकटा, व्यंजनाआधी, स्वराआधी. आणि अंकांकडे न बघता, फक्त ऐकून.